घरात नवीन वस्तू घेणं बंद केलंय. कोणी केलंय का असं? आणि गिफ्टचं काय करता?

कोरी_पाटी
नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, आज धीर करून धागा काढतेय.

आम्ही घरातल्यांनी मिळून ठरवलं की वर्षभर नवीन काही विकत घ्यायचं नाही. आम्ही म्हणजे मी, नवरा, मुलगी (१४), मुलगा (८) आणि सासूबाई. किराणा, औषधं, साबण-टूथपेस्ट, आतले कपडे आणि शाळेचं सामान यातून वगळलंय. बाकी काही लागलं तर आधी घरात शोधायचं, मग मोडकं असेल ते दुरुस्त करायचं, मग कोणाकडून तरी उसनं आणायचं आणि अगदीच नाही भागलं तर वापरलेलं घ्यायचं. कल्पना माझी नाही हो. २००६ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या काही मित्रमैत्रिणींनी वर्षभर नवीन न घेण्याचा करार केला होता, त्याला 'कॉम्पॅक्ट' म्हणायचे, त्यांनीही खाणं, औषधं, आतले कपडे वगळले होते. ते वाचलं आणि डोक्यात किडा शिरला.

आता निम्म्याहून जास्त वर्ष सरलंय आणि तसं बरं चाललंय. मिक्सर दुरुस्त झाला, मुलाला चुलतभावाची सायकल मिळाली, कपाटातून इतक्या विसरलेल्या गोष्टी निघाल्या की आपण आधी काय म्हणून खरेदी करत होतो असं वाटलं. पण दोन ठिकाणी अडलंय. एक म्हणजे गिफ्ट. मुलीच्या जिवलग मैत्रिणीचा वाढदिवस येतोय, तिला वापरलेलं काही द्यायचं का? आणि दुसरं म्हणजे मुलगी स्वतःच. परवा म्हणाली, "हा नियम तुम्ही ठरवलात, मी फक्त हो म्हटलं." यावर काय बोलावं ते सुचेना.

तुमच्यापैकी कोणी असं केलंय का? कसं निभावलंत?

खारूताई
पॉपकॉर्न घेऊन बसलेय. नवीन नाहीत, कालचे उरलेले आहेत, काळजी नसावी.

शंकासुर
छान आहे पण एक शंका. जुनं मिळायला कोणीतरी आधी नवं घ्यावं लागतं ना? म्हणजे तुमचं वर्ष आमच्यासारख्या उधळ्यांच्या जिवावर चाललंय. आभार मानायला हरकत नाही :)

आणि सगळ्यांनीच हे सुरू केलं तर बनवणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी काय करायचं?

निवांत
@शंकासुर, सगळे करणार नाहीयेत, तुम्ही निश्चिंत असा. आणि दुरुस्ती करणारे, शिवणारे, भाड्याने देणारे यांचंही पोट आहेच की, त्यांच्याकडे काम जातं.

@कोरी_पाटी, आम्ही केलंय हे आणि मला त्यातला एक धोका सांगायचाय जो कोणी सांगत नाही. 'नवीन नको' म्हणता म्हणता 'जुनं चालेल'चं व्यसन लागतं. आधी मी वेळ घालवायला नव्या वस्तू बघायचो, मग वापरलेल्या बघायला लागलो. स्वस्त मिळतंय, कचऱ्यात जाणारं वाचवतोय, म्हणजे पुण्यच, असं करत करत घरात एक ड्रिल मशीन होतं त्याची तीन झाली. बायको म्हणाली घर आहे की भंगाराचं गोदाम. तेव्हापासून 'हे नवीन आहे का' हा प्रश्न मी सोडला. 'हे नसेल तर काय अडेल' एवढंच विचारतो, आणि ते जुन्यालाही लागू.

अर्धवटराव
तीन ड्रिल मशीनं म्हणजे एकाने दुसरं दुरुस्त करता येतं, तिसरं साक्षीदार.

आजोबा_ऑनलाईन
आमच्या लहानपणी याला उपक्रम म्हणत नसत. पाच भावंडांत मी चौथा. माझ्या अंगावर कोरा शर्ट पहिल्यांदा चढला तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. आता तुम्हाला वाटेल म्हातारा 'जुनं ते सोनं'चं प्रवचन देणार. नाही देणार. मला ते शर्ट अजिबात आवडायचे नाहीत. कॉलरवर आधीच्या तिघांच्या मानेच्या खुणा असत.

तुम्ही मंडळी ऐपत असून घेत नाही, तेव्हा तो निर्णय असतो, त्यात रुबाब आहे. आमच्याकडे नव्हतं म्हणून नव्हतं. तुमच्या मुलीला यातलं कोणतं वाटतंय ते शांतपणे विचारा. तिच्या हातात ना पैसे ना निर्णय. तिला ते माझ्या शर्टासारखंच वाटत असणार.

खारूताई
आजोबा _/\_

सुईदोरा
आजोबांशी सहमत. पण कपड्यांत मार्ग निघतो हो. माझ्या भाचीला जुने कपडे नकोच असायचे, मग तिला म्हटलं तू निवड, मी बदलून देते. मोठा शर्ट घेऊन त्याची बाजूची शिवण आत घेतली, बाह्या कापल्या, बटणं बदलली. मैत्रिणींनी विचारलं कुठून घेतलास, तेव्हापासून बाईसाहेब माझ्या डोक्यावर बसल्यात. आपण वापरलेले कपडे 'देतो' तिथेच बिनसतं. तिने शोधून आणलेला असेल तर तोच शर्ट तिचा होतो.

कापड निवडताना एवढं बघायचं: काखेत आणि मांड्यांमध्ये उजेडाला धरून बघा, विरलेलं असेल तर सोडा, तिथे रफू टिकत नाही. चेन खालीवर करून बघा. डाग असेल तर तो आधीच्या माणसाकडून गेला नाही तो तुमच्याकडूनही जाणार नाही, आशा ठेवू नका. आणि शिवणीच्या आत किती कापड सोडलंय ते बघा, एक बोटभर असेल तर कपडा वाढवता येतो. हल्लीच्या स्वस्त कपड्यांत ते सोडतच नाहीत, कडेला ओव्हरलॉक मारून मोकळे.

आणि एका सुती टीशर्टला कापसाच्या शेतापासून धरलं तर अडीच ते पावणेतीन हजार लिटर पाणी लागतं म्हणतात. मला तरी तेवढं कारण पुरतं.

शंकासुर
तो आकडा सगळीकडे फिरतो, पण त्यात शेतावर पडणारं पावसाचं पाणीही धरलेलं असतं. पावसावरच्या कापसात आणि धरणाच्या पाण्यावरच्या कापसात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सरासरी काढून सगळ्यांना एकच माप लावायचं हे काही मला पटत नाही.

सुईदोरा
बरं बाबा, अर्धं धर. टीशर्टच कमी घेतले तर पाऊस काही रागावणार नाही.

पक्कड
उशिरा आलो. दुरुस्तीवर कोणी बोलत नाहीये म्हणून लिहितो, लांबेल.

घरात 'बिघडलं' म्हणून बाजूला पडलेल्या वस्तूंत निम्म्यांचा आजार फुटकळ असतो. छताचा पंखा हळू फिरतोय? मोटर गेली असं समजून लोक नवा आणतात. बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो, छोटीशी डबी असते, त्याच्यावर जेवढे मायक्रोफॅरड (µF) लिहिलेत तेवढ्याचाच नवा लावायचा, पंखा पूर्ववत. (मेन स्विच बंद करून. आणि जुना कपॅसिटर चार्ज धरून ठेवतो, त्याच्या तारांना हात लावू नका. माहिती नसेल तर माणूस बोलवा, हीरो होऊ नका.) मिक्सर चालताना ठिणग्या दिसतात आणि जळका वास येतो, तर आधी मोटरमधले कार्बन ब्रश झिजलेत का बघा. मोटर फिरतेय पण भांड्यातलं पातं फिरत नाही, तर भांडं मोटरला जोडणारा रबरी कपलर गेलाय. वॉशिंग मशीन पाणी सोडत नाही, तर खालची जाळी उघडा, आत नाणी, पिना आणि एक हरवलेला मोजा सापडेल. फोन दुपारीच मान टाकतो? लिथियम बॅटरी चारपाचशे वेळा पूर्ण चार्ज झाली की थकायला लागते. बॅटरी बदला, फोन नाही.

आता दुसरी बाजू. काही गोष्टी दुरुस्त होऊ नयेत अशाच बनवतात. हे आजचं नाही. १९२४ साली बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्या जिनिव्हात एकत्र आल्या आणि बल्ब १००० तासांपेक्षा जास्त टिकता कामा नये असं ठरवलं, आधी दीड-दोन हजार तास चालणारे बल्ब होते. कोणाचा बल्ब जास्त टिकला तर त्या कंपनीला दंड! फीबस (Phoebus) कार्टेल नावाने शोधा. हल्ली बॅटरी गोंदाने चिकटवतात, स्क्रूची डोकी विचित्र आकाराची करतात, नाहीतर वस्तू धडधाकट असताना सॉफ्टवेअरचे अपडेट बंद करतात. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपवला, किती चांगले लॅपटॉप एका रात्रीत 'जुने' झाले. तसल्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) टाका, मी दोघातिघांना टाकून दिलंय, मस्त चालतंय.

फ्रान्सने २०२१ पासून फोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीनवर दुरुस्त करायला किती सोपं याचे १० पैकी गुण छापणं सक्तीचं केलं. आपण नवीन घेतानाही हा विचार केला तर पुढचं नवीन लांबतं. आणि 'रिपेअर कॅफे' हा प्रकार बघा, २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये मार्टिन पोस्टमा या बाईंनी पहिला भरवला. बिघडलेली वस्तू घेऊन जायची, तिथल्या जाणकारांबरोबर बसून स्वतः उघडायची. आम्ही चार मित्र महिन्यातून एकदा तसंच बसतो. निम्मा वेळ चहा, पण उरलेल्या निम्म्यात इस्त्री चालू होते.

अर्धवटराव
@पक्कड, बायकोने हा प्रतिसाद वाचला आणि मला पंख्याकडे बघून 'कधी?' विचारलं. तुमचं भलं होणार नाही.

शंकासुर
पक्कडराव, मग माझा फ्रीज सांगा. वीस वर्षांचा आहे, घरघर करतो पण चालतो. तुमच्या हिशोबाने ठेवू?

पक्कड
नाही, तो काढा :) सगळ्याला एक नियम नाही लागत. फोन किंवा लॅपटॉपचं बहुतांश प्रदूषण तो बनवतानाच होऊन गेलेलं असतं, म्हणून जितका वापराल तितकं चांगलं. फ्रीज उलटा, तो चोवीस तास वीज खातो, आणि वीस वर्षांपूर्वीचा, रबर सैल झालेला असेल तर जास्तच खातो. आधी दारात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर बदला आणि मग विजेच्या बिलाचा आकडा बघा. तरी खात असेल तर नवा घ्या. फक्त जुना कुठेही फेकू नका, आतला गॅस नीट काढून घेणारा शोधा. बल्बचंही तेच, जुना पिवळा बल्ब सांभाळून ठेवण्यात काही शहाणपण नाही.

वर्षा_त
नवीनच घ्यावं अशाही काही गोष्टी आहेत, ते राहिलं म्हणून.

हेल्मेट वापरलेलं घेऊ नका, कितीही छान दिसू दे. आतला फोम एका धक्क्यात दबतो आणि पुन्हा फुगत नाही, बाहेरून काही कळत नाही. लहान मुलांच्या कार सीटचंही तसंच, अपघातातून गेलीय का माहीत नसतं, शिवाय बऱ्याच सीटवर मुदत छापलेली असते ती बघा. गाद्या-सोफे घेताना शिवणीत टॉर्च मारून ढेकूण बघा, काळे ठिपके दिसले तर पळा. वापरलेले कपडे घरात आणले की थेट गरम पाण्यात, ६० डिग्रीला धुतले की ढेकूण-अंडी मरतात.

जुनी प्लॅस्टिकची खेळणी मला पूर्वी फार आवडायची. पण २०१८ मध्ये प्लिमथ विद्यापीठाने वापरलेली खेळणी तपासली, त्यात शिसं, कॅडमियम असलं काय काय निघालं, विशेषतः लाल, पिवळ्या आणि काळ्या प्लॅस्टिकमध्ये. तोंडात घालायच्या वयाच्या बाळांना तरी मी देत नाही. पुस्तकं मात्र डोळे झाकून घ्या.

चष्मिश
सगळे प्रतिसाद वाचले. कपलर झाला, कपॅसिटर झाला, ढेकूण झाले. मला एकच विचारायचंय @कोरी_पाटी, हे सगळं शोधतं कोण? शिवणीत टॉर्च कोण मारतं, दुरुस्तीवाल्याला फोन कोण करतं, उसनं आणलेलं धुऊन परत कोण देतं?

खारूताई
आईशप्पथ. धाग्याला वळण.

निवांत
चांगला प्रश्न. आमच्याकडे मीच करायचो कारण मला त्याचा नाद होता. पण मुलांचे कपडे, डबे, बाटल्या, ते बायकोच करत होती हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

कोरी_पाटी
@चष्मिश, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण काय लिहावं कळत नव्हतं.

मी करते. सगळं. कोणाला काही लागलं की "आई, बघ ना मिळतंय का कुठे". नवीन घेणं म्हणजे काय, फोनवर बोट लावलं की दारात. हे तसं नाही. मुलाला पावसाळी बूट हवे होते तर मापाचे मिळेपर्यंत किती जणींना विचारलं, कोणाकडे होते पण एक नंबर मोठे, कोणी देते म्हणाली आणि विसरली. नवरा सगळ्यांना कौतुकाने सांगतो "आम्ही काही घेत नाही", आणि ते 'आम्ही' ऐकलं की मला मिरच्या लागतात. पैसे वाचले हे खरंय, पण ते माझ्या रात्रीच्या वेळातून वाचलेत.

काल जेवताना सगळ्यांसमोर तुमचा प्रश्न वाचून दाखवला. नवरा आधी म्हणाला "सांगायचंस ना". सासूबाई म्हणाल्या, "दिसत नव्हतं का?" बस्स, एवढंच म्हणाल्या आणि भात वाढून घेतला. शेवटी असं ठरलंय की ज्याला वस्तू हवी त्यानेच शोधायची, विचारायची, आणायची. मुलाचं काम नवरा करणार.

अर्धवटराव
सासूबाईंना माझा दंडवत सांगा.

शंकासुर
आता वाचलेल्या पैशांचं पण विचारतो, रागावू नका. ते गेले कुठे? कारण माझ्या ओळखीतलं एक कुटुंब असंच काटकसरीने वर्षभर राहिलं आणि त्या पैशात चौघं विमानाने लांब फिरून आली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

कोरी_पाटी
नाही रागावत. काही कर्जाच्या हप्त्यात गेले, काही मुलीच्या पोहण्याच्या क्लासला. विमान नाही. पण मुद्दा बरोबर आहे, आधी ठरवलं नाही तर पैसा पाय फुटल्यासारखा जातो.

सुईदोरा
नवीन नियमाचं काय झालं ते सांग नं. ज्याला हवं त्याने शोधायचं.

कोरी_पाटी
गंमत झालीय. नवऱ्याला ब्लूटूथ स्पीकर हवा होता, कधीपासून माझ्या मागे होता. आता स्वतः शोधायचा म्हटल्यावर दोन संध्याकाळी बसला आणि म्हणाला, जाऊ दे, फोनवरच ऐकतो. सासूबाईंनी त्यांच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना हवी ती वाचायची टेबललॅम्प घरी हजर, त्यांचं नेटवर्क माझ्यापेक्षा तगडं आहे हे मला माहीतच नव्हतं.

आणि आजोबा, मुलीला विचारलं तुम्ही म्हणालात तसं. ती म्हणाली तिला जुने कपडे चालतात, तिचा राग वेगळाच होता. मैत्रिणींबरोबर दुकानात गेली की ती नुसती उभी राहते, त्या विचारतात तू का नाही घेत, आणि मग तिला आमच्या घराचं सगळं तत्त्वज्ञान समजावत बसावं लागतं. "मला प्रत्येक वेळी भाषण द्यायचं नसतं," म्हणाली. आता तिला महिन्याला थोडे पैसे ठरवून दिलेत, त्यात नवं घे, जुनं घे, साठव, आम्ही विचारणार नाही.

आजोबा_ऑनलाईन
उत्तम केलंत. तिने नवा शर्ट घेतला तर एक शब्द बोलू नका.

चष्मिश
+१. आणि तोंडाने न बोलता चेहऱ्यानेही बोलू नका.

वर्षा_त
मूळ प्रश्न राहिलाच की, गिफ्टचं. मी पुस्तकं देते, स्वच्छ आणि न फाटलेली, मुलांना फरक पडत नाही. मोठ्यांना मात्र वापरलेलं देताना आधी विचारते. फुकट द्यायच्या-घ्यायच्या गटांत, ते २०१३ ला अमेरिकेत सुरू झालेलं 'बाय नथिंग' आहे ना तसले, तिथे घेणारा स्वतः हात वर करतो म्हणून तिथे अवघडलेपण नसतं. गिफ्टमध्ये समोरच्याने हात वर केलेला नसतो.

निवांत
आम्ही वस्तूच देत नाही. एखादा दिवस देतो. भाच्याला एक अख्खा रविवार दिला होता, त्याने मला क्रिकेट खेळून खेळून मारला.

शंकासुर
मला कोणी 'एक दिवस' भेट दिला तर मी झोपेन.

कोरी_पाटी
@वर्षा_त, हात वर करण्याचं पटलं. नियम आमच्या घराचा आहे, त्या मैत्रिणीने काही करार केलेला नाही. म्हणून गिफ्टवरचा नियम आम्ही काढून टाकला. नवीन द्या, जुनं द्या, घरी बनवा, देणाऱ्याने ठरवावं. मुलीने मैत्रिणीला स्वतःच्या पैशातून नवा रंगांचा सेट घेतला. आणि आम्हाला येणाऱ्या गिफ्टना आम्ही 'नको' म्हणणार नाही, फक्त कोणी आधी विचारलंच तर सांगू.

शंकासुर
म्हणजे वर्ष मोडलं. नोंद घेतली आहे.

कोरी_पाटी
घ्या. तुमच्या फ्रीजचं काय झालं ते सांगा आधी.

शंकासुर
कागद सहज निघाला. रबर बदललं. घरघर अजून आहे पण तिची सवय आहे. विजेचं बिल आलं की बघतो.

पक्कड
घरघर असेल तर मागची जाळी ब्रशने साफ करा, धुळीने भरलेली असणार. आणि फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवलाय का?

शंकासुर
चिकटवलाय. तुम्हाला कसं कळलं?

खारूताई
धागा एवढा गाजलाय तर माझंही काम करून घेते. मिक्सरच्या मधल्या भांड्याचं झाकण तडकलंय, कोणाकडे भांडं फुटून झाकण उरलं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. व्यास मोजून सांगते, फूटपट्टी मुलाने कुठेतरी टाकलीय, मिळाली की.

अर्धवटराव
फूटपट्टी नवीन घेऊ नका फक्त.